लेकीच्या जुळ्याचं बेट

नब्बोसानं यंत्राला फसवलं, ते अगदी ठरवून. फोनमधलं ते यंत्र पानाचा फोटो बघून केळीचा रोग ओळखायचं आणि तिच्या लुगांडा भाषेत, बाईच्या गोड आवाजात सांगायचं. नवरा गेल्यापासून त्या टेकडीवर दिवसाकाठी तिच्याशी बोलणारं तेवढंच. आधी विचारायचं, रात्र कशी गेली बाई? ती सांगायला तोंड उघडते तोवर मेलं रोगावर घसरलेलं असायचं.

बागेत मर रोग शिरला तेव्हा यंत्र म्हणेल ते केळीचं बेट तिनं मुळासकट खणलं, कोयता दर वेळी जाळावर धरला. पण अंगणाकडच्या बेटाची पानं पिवळी पडली आणि तिनं कुदळ खाली ठेवली. ते नाकियागाचं बेट. लेक जन्मली तेव्हा तिची वार नब्बोसानं त्याच केळीच्या बुडाशी पुरली होती. वार म्हणजे बाळाचं जुळं भावंड. त्याला धक्का लागला की बाळाला लागतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. नाकियागा लंडनला, म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला. गेली ती परत फिरकली नाही, फोनही कामापुरताच. लेकीचं म्हणावं असं घरी उरलं होतं ते हे बेट.

मग बाईनं काय केलं, कुंपणापलीकडच्या धडधाकट केळीचा फोटो काढून यंत्राला दाखवला. केळ निरोगी आहे, यंत्र म्हणालं. तिला इतकं बरं वाटलं की ती रोजच दाखवायला लागली.

यंत्र फसलं, पण रोग कुठला फसतोय? माश्या या केळफुलावरून त्या केळफुलावर बसतच होत्या. एका सकाळी त्याच केळीच्या फोटोवर यंत्र म्हणालं, मर रोग आहे, बेट काढा. ती फोन धरून उभी असतानाच त्या केळीचा मालक सेबोवा कुंपणाशी आला. अंगणातलं पिवळं बेट त्याला दिसतच होतं.

"तुमची लेक तिकडे सुखात राहावी म्हणून माझ्या पोरांनी काय माती खायची, वहिनी?"

चूक तिचीच होती. तिनं लेकीला फोन लावला. बेट काढावं लागतंय, पण तुला काही झालं तर, असं तिनं विचारलं.

नाकियागा हसली. "काढ गं आई. काही होत नाही. जोनाची वार तर इथं दवाखान्यात कचऱ्यात गेली. त्याला काय झालंय?"

बोलून गेली.

"जोना कोण?"

"माझा मुलगा. चालायला लागलाय. लग्न नाही झालं ना आई, तुला सांगायला जीभच रेटली नाही."

नब्बोसाला खूप काही बोलायचं होतं. रागही आला होता. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"तो आपल्या केळीचं मातोके खातो का गं?"

"एकदा उकडून दिलं होतं. थुंकून टाकलं त्यानं."

नब्बोसानं फोन ठेवला आणि कुदळ घेतली. सेबोवा मदतीला आला, त्याला तिनं घरी पाठवलं. कंद हलला तेव्हा ती मोठमोठ्यानं रडत होती, आणि ते केळीसाठी नव्हतं.