जंतूची तार

मला एकोणीस दिवस आडवं पाडणारा जंतू बिनविषारी आहे, असं माझी सून कागदावर लिहून देणार होती. तेही माझ्याच घरात, मी समोर गवार मोडत बसलेली असताना.

दुखणं मागच्या वर्षीच्या पितृपक्षातलं. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात शेवंतीला कळी धरली होती आणि मला थंडी वाजून ताप भरला. डावं फुप्फुस पुवाने भरलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. शेजारच्या लताबाईने माझ्या तेराव्याला भोपळा करायचा की वांगं, इथपर्यंत विचार केला होता म्हणे. घरी आल्यावर मी पहिल्यांदा तिलाच जेवायला बोलावलं, आणि दोन्ही भाज्या केल्या.

माझी सून हर्षाली गंगापूर रोडच्या कॉलेजात जंतूंवर संशोधन करते. एकाच जातीचा, एकाच नावाचा जंतू. एक घशात गुमान बसून राहतो आणि दुसरा छातीत उतरून माणूस नेतो, असं का, हा तिचा अभ्यास. माझ्या बेडक्यातला जंतू तिने तेव्हाच मागून घेतला होता. मी परवानगीच्या कागदावर ‘नवसाबाई खंडेराव’ अशी सही केली. चौथीपर्यंत शाळा झाली आहे माझी, अंगठा लावत नाही.

तो जंतू नामी निघाला. हर्षालीने मोबाइलवर दाखवलं. काचेच्या ताटलीत तुपाच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके. ठिपक्याला सुईसारखी कडी लावून वर उचलली की मागोमाग धागा येतो, लाडवाच्या पाकाला येतो तसा.

“ही तर पक्की तार,” मी म्हणाले.

“आई, असा धागा निघाला की जंतू चिवट असायची शक्यता जास्त. त्याच्या अंगावर जाड बुळबुळीत कवच असतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धरायला जातात आणि हात घसरतो त्यांचा.”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मेलेच असते तरी ऐऱ्यागैऱ्याच्या हातून नसते मेले.

आणि आता चौदा महिन्यांनी ही बया पेन हातात धरून बसली होती, एक ओळ लिहीत होती, खोडत होती.

“काय लिहिती गं?”

“काही नाही, आई.”

“काही नाही लिहायला सकाळपासून बसली व्हय?”

मग तिने सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजातलं जंतू गोठवून ठेवायचं कपाट बंद पडलं. सुट्टी संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या जंतूच्या मूळ बाटल्या नासल्या. उरला तो दर आठवड्याला जुन्या ताटलीतून नव्या ताटलीत उचलून जगवलेला. त्याला आता तार येत नव्हती. प्रयोगासाठी पाळलेल्या अळ्यांना टोचून पाहिला. आधी त्या दुसऱ्या दिवशी काळ्या पडून मरायच्या, आता मजेत वळवळत होत्या.

“आमचे गाईड कापडणीस सर म्हणतात, पहिली मोजणीच चुकली असणार. सोमवारपर्यंत तसं लिहून दे. नाहीतर लोक म्हणतील, आकडे मनाने लिहिले.”

“आणि लिहून दिलं तर?”

“चार वर्षं गेली. सगळं काम याच जंतूवर येऊन टेकलंय. नवा विषय घ्यायचा.”

“चुकली होती का मोजणी?”

“नाही.”

“मग?”

“मूळ जंतू कुठंय, आई? पुरावा काय दाखवू?”

मी गवारीचं ताट बाजूला सारलं. “त्याला खायला काय घालते?”

“मांसाचा अर्क, मेंढीचं रक्त. सदतीस अंशावर उबेला ठेवतो.”

“जावई हाय का तो? चौदा महिने आयतं ताट, वर ऊब. ना कोणी मारायला येतं, ना हाकलायला. मग कवच कशाला शिवत बसंल?”

“तेच झालंय. लॅबमध्ये असे जंतू नरम पडतात, पुस्तकात आहे. पण याच जंतूचं तसं झालं हे दाखवता आलं पाहिजे ना.”

“बाटल्या नासल्या. छाती हाय ना अजून.”

तिचं पेन थांबलं. रोज सकाळी मी खोकते ते तिला माहीत होतं. माझा बेडका पडतो हेही माहीत होतं.

“नाही,” ती म्हणाली.

“का नाही?”

“तार निघाली तर तो अजून तुमच्या छातीत आहे. तितकाच वाईट. मला नाही बघायचं ते.”

तेव्हा कळलं. हा विचार पोरीला माझ्या आधीच सुचला होता आणि ती तोंड मिटून बसली होती. चार वर्षांची राख करायला तयार, पण सासूच्या छातीत डोकवायला नको. माया म्हणावी तर माया, पण मला राग आला. माझ्या जिवाचा निर्णय मला न विचारता घ्यायची सोय या घरात माझ्या नवऱ्यालाही नव्हती.

“तू न तपासल्यानं तो निघून जाणार हाय का? तू डोळे मिटले म्हणून तो बिऱ्हाड हलवंल?”

तिने पेनाला टोपण लावलं.

माझा मुलगा महेश फुलांचे क्रेट उतरवून आत आला होता. त्याने एवढंच ऐकलं आणि लागला बोलायला. “आई, तू काय प्रयोगाचा उंदीर आहेस का?”

“उंदीर असते तर तुझ्या बापानं पहिल्याच वर्षी पिंजरा लावला असता. गाडी काढ.”

कापडणीस सर माणूस वाईट नाही. भित्रा आहे. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, “आजी, तुमची भावना समजते मला.”

“तुमचं वय काय?”

“बावन्न.”

“मी सहासष्टची. आजी नका म्हणू, बाई म्हणा. आणि भावना घरी ठेवून आले. बेडका आणलाय, छातीत.”

त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, नमुना सासूचा, तपासणार सून, लोक बोट दाखवतील.

“मग तिनं हात लावायचा नाय. तुम्ही करा. डबीवर नाव नको, नंबर टाका. हिला त्या खोलीत पाऊल ठेवू देऊ नका.”

“आणि धागा निघाला नाही तर?”

“तर ती तुमच्या कागदावर सही करंल, आणि मी इथं येऊन तिच्या वतीनं माफी मागंल. माझ्या तोंडून माफी ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचाय, तुम्ही पहिले.”

ते हसले नाहीत, पण परवानगीचा नवा कागद काढला. मी सही केली.

मागच्या मोकळ्या आवारात मला उभं केलं. चूळ भरायची, लांब श्वास घ्यायचा, तळातून खोकायचं. थुंकी चालत नाही. पहिल्या दोनदा नुसता फेस आला. तिसऱ्यांदा बरगड्या धरून असं खोकले की झाडावरचे कावळे उडाले. डबीचं झाकण लावलं आणि त्या बावन्न वर्षांच्या माणसाच्या हातमोज्यात ठेवली.

दोन दिवस थांबायचं होतं. मी मळ्यात जाऊन शेवंती खुडत राहिले. सकाळी वणीच्या देवीच्या फोटोपुढे उभी राहिले तर काय मागावं कळेना. तार निघू दे म्हणावं तर माझं अवघड, नको म्हणावं तर पोरीचं. शेवटी काहीच मागितलं नाही, नुसता नमस्कार केला.

सोमवारी कापडणीसांनी बोलावलं. आम्हाला काचेबाहेर उभं केलं. आत ते, हातमोजे घातलेले, पुढ्यात दोन ताटल्या. आधी जुनी. कडी लावली, उचलली, काही नाही. पाणचट. मग माझी.

कडी ठिपक्याला टेकली आणि वर निघाली. धागा मागे आला. हात वर जात राहिला, धागा येत राहिला. माझा हात छातीवर गेला आणि त्याच वेळी मान ताठ झाली, दोन्ही एकदमच. त्यांनी पट्टी लावली. अठ्ठावीस मिलिमीटर. पुन्हा दुसरा ठिपका घेतला, पुन्हा तेच.

हर्षाली ताटलीकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

कापडणीस बाहेर आले. “बाई, एवढ्यावर सगळं सिद्ध होत नाही. हा तोच जंतू आहे का ते तपासावं लागेल. अळ्यांवर पुन्हा प्रयोग करावा लागेल.”

“करा ना. शंभर करा. त्या कागदाचं काय?”

त्यांनी हातमोजे काढले. मग हर्षालीकडे वळले. “तो कागद नको देऊस. मी घाई केली.” एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं ते मला दिसत होतं, म्हणून मी पुढे काही बोलले नाही. हे माझ्या हातून क्वचित घडतं.

“बाटल्या भरून घे,” ते तिला म्हणाले. “यावेळी दोन वेगळ्या इमारतींत ठेवू.”

“बाटल्या नंतर, सर. आधी याला कोणतं औषध लागू पडतं ते बघते. आईंच्या डॉक्टरांना आजच कळवायचंय.”

“आधी बाटल्या,” मी म्हणाले.

“आई, तुमच्या छातीत…”

“माझ्या छातीत चौदा महिने हाय, अजून तासभर राहील. औषध पडलं की तो संपला, मग कुठून आणशील? लॅबमध्ये लाडावलेला नाय, रानातला हाय तोवर धर. किती बाटल्या लागतात?”

“सहा.”

“बारा भर.”

तिने डोळे पुसले, हातमोजे घातले आणि आत गेली. महेश म्हणाला, आई, घरी चल, दमली असशील. मी त्याच्याकडून स्टूल मागवलं आणि काचेसमोर बसले. ती एकेक बाटली भरून झाकण लावत होती, मी बाहेरून मोजत होते. सातव्या बाटलीला मला खोकला आला. तिने झटकन मान वर केली. मी हातानेच खूण केली, पुढची भर.