मधला श्वास

“ताई, झग्याची कॉलर जरा खाली घे ना, मानच दिसत नाही तुझी,” धाकटी म्हणाली, आणि थोरलीने कॉलर दोन्ही हातांनी गच्च धरली.

चर्चमागच्या त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एक बाई धाकटीचे केस वाळवत होती, दुसरी गालांवर पावडर मारत होती आणि मॅनेजर फोनवर कुणाला तरी झापत होता. थोरलीने धाकटीची बाही ओढली आणि स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं.

“मलाही कोरड पडलीय गं,” धाकटी आरशातूनच म्हणाली. “जीव नुसता टांगणीला लागलाय. तू फक्त आज माझ्या मागच्या रांगेत उभी राहा. शेवटचा सूर आला की मी नेहमीसारखी करंगळी हलवीन. कळलं ना?”

केस वाळवायचं यंत्र घरघरत होतं. थोरलीच्या तोंडून निघाली ती नुसती हवा, आणि तीही त्या घरघरीत विरून गेली.

दोघी बहिणी लहानपणापासून चर्चच्या गायकवृंदात, कॉयरच्या दुसऱ्या रांगेत शेजारीशेजारी उभ्या राहायच्या. कॉयरच्या मास्तरांचा नियम कडक होता. लांब सुरात दोघींनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकीचा संपत आला की दुसरीने सूर उचलायचा, आणि ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. धाकटीचा श्वास आखूड, म्हणून ती करंगळी हलवायची आणि थोरली सूर हातात घ्यायची. खुद्द बापाला बाकावर बसून कळायचं नाही की कोणती पोरगी कुठे थांबली.

पुढे रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला आणि त्याने धाकटीला उचललं. गळा गोड होताच, चेहराही तसाच होता. थोरलीला आपल्या चेहऱ्याबद्दल आरशाने कधी फसवलं नव्हतं. पण स्टुडिओत गाण्याचा शेवटचा लांब सूर काही केल्या पुरा होईना, तेव्हा धाकटी रडकुंडीला येऊन म्हणाली, “माझ्या ताईला बोलवा.” थोरली लॉन्ड्रीतली इस्त्री बंद करून तशीच गेली, बहिणीच्या खांद्याला खांदा लावून माइकसमोर उभी राहिली आणि सूर पुरा झाला. त्या एका सुराने धाकटीचं नशीब फळफळलं. बसमध्ये, सलूनमध्ये, लग्नाच्या मांडवात, जिथे तिथे तेच गाणं. लोक म्हणायचे, काय दमसास आहे पोरीचा!

कव्हरवर नाव एकीचंच होतं. “पुढच्या वेळी नक्की हं, ताई,” असं धाकटी म्हणाली होती. ती वेळ आली नाही. थोरलीला राग आला नाही असं म्हणणं खोटं होईल. चांगलाच आला होता. तरीही लॉन्ड्रीतल्या रेडिओवर तो सूर लागला की तिचा इस्त्रीचा हात थांबायचा, आणि त्यापायी तिने एक-दोन शर्ट जाळलेही.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनने गाठ गेली आणि जाताना आवाज घेऊन गेली; मागे उरला तो गळ्यावरचा व्रण. मास्तरांनी मॅनेजरकडे निरोप ठेवला, तर ऑफिसकडून फुलं आली. सोबतच्या कार्डावर धाकटीची सही होती, तीही छापलेली. धाकटीला त्या फुलांचा पत्ताच नव्हता. मास्तर थोरलीला म्हणाले, “तू रांगेत उभी राहत जा, पोरी. तुझी जागा मोकळी बघवत नाही मला.” तेव्हापासून ती उभी राहायची, नुसती तोंड हलवत.

तोंड तर आता धाकटीही हलवत होती. स्टेजवर तो सूर मशीनवर लावतात, हे वर्तमानपत्रांनी फोडलं होतं. नाचक्की टाळायला तिने जाहीर केलं होतं की आपल्या जुन्या चर्चमध्ये, उपासनेच्या वेळी, मशीनशिवाय, सगळ्यांसमोर गाऊन दाखवीन.

आणि गायलीही सुरेख. ऑर्गनवर बसलेल्या मास्तरांचे डोळे भरून आले. शेवटचा सूर लागला, चढला, ठरला. मग तिच्या पाठीमागे धरलेल्या हाताची करंगळी हलली.

थोरलीची छाती आपोआप भरली. तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. बाहेर आली ती हवा.

समोर सूर तुटला. धाकटीला ठसका लागला. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच शूटिंगसाठी फोन वर झाले.

खोलीत शिरल्या शिरल्या धाकटी थोरलीच्या अंगावर आली. “उगवलास ना सूड? इतकी वर्षं डूख धरून बसलीस! तोंड उघडून उभी होतीस, मी बघितलं वळून! बोल ना, आता का दातखीळ बसलीय?”

थोरलीचा हात कॉलरच्या बटणाकडे गेला. बटण अर्धं निघालंही. दारात कॅमेरावाला उभा होता आणि मॅनेजर त्याला हळूच सांगत होता, “घे, घे, हे सगळं घे.” थोरलीने बटण पुन्हा लावलं.

“आजपासून मला बहीण नाही,” धाकटी म्हणाली आणि निघून गेली. बाहेर गाडीचं दार आपटलं.

आत उपासना संपत आली होती. थोरली झगा नीट करून दुसऱ्या रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मास्तरांनी शेवटचं लांब ‘आमेन’ सुरू केलं. धाकटीचा श्वास जिथे संपायचा तिथे थोरलीने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि सूर संपेपर्यंत मिटलं नाही.