बोटभर जागा

मी पाटी बोलतेय. दप्तरातली नव्हे हो, समुद्रावरची. पत्र्याची, दोन लाकडी खांबांवर उभी असलेली. बोलणं हे माझं एकुलतं एक काम, आणि सहा वर्षं मी नेमकं भलतंच बोलत आले. त्यात माझा काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवते. चूक करतो एक आणि सगळे हसतात पाटीला.

मी उभी आहे तो किनारा तुम्हाला सहजासहजी सापडायचा नाही. डांबरी रस्ता संपतो, मग सुरूच्या झाडांतून दहा मिनिटांची पायवाट, आणि ती वाट संपते तिथे मी. हॉटेल नाही, टपरी नाही, बसायला साधा बाक नाही. एक नळ आहे, त्याला मनात आलं तर पाणी येतं. पुढे नुसती वाळू आणि खेकड्यांनी घातलेली बारीक गोळ्यांची रांगोळी. येणारा प्रत्येक जण चपला हातात घेतो आणि म्हणतो, "अहाहा, काय शांत आहे! इथे कोणीच कसं येत नाही?" आणि लगेच मागे वळून दहा जणांना हाका मारतो.

डाव्या हाताला काळे खडक आहेत. त्यांच्या कडेला पाण्याचा एक पट्टा आहे, तिथे लाटा फुटत नाहीत. पाणी कसं, तळ्यासारखं गप्प. लोकांना वाटतं, वा, पोराबाळांना उतरायला छान जागा! आणि इथेच घोडं पेंड खातं. किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी त्याच वाटेने परत जातं, आणि जाताना माणसालाही ओढून नेतं. माझ्याआधी तिथे एक तरुण मुलगा गेला. परत आलाच नाही. म्हणून कार्यालयाने ठराव केला की इथे पाटी लावावी. मजकूरही मंजूर झाला: 'पाण्यात उतरू नये.'

तीन शब्द. तीन शब्दांत कोणी काय घोळ घालणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

माझा जन्म एका पेंटरच्या दुकानात झाला. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. भिंतीला टेकून दवाखान्याच्या, केस कापायच्या दुकानाच्या, शिकवणीच्या पाट्या वाळत असायच्या. माणूस हाताचा मोठा गुणी. अक्षर मोत्यासारखं. पण त्याची एक खोड होती. तो लिहायचा नाही, काढायचा. कागदावरचं एकेक अक्षर बघायचा आणि चित्र काढल्यासारखं पत्र्यावर उतरवायचा. कोणी विचारलं तर छाती फुगवून सांगायचा, "तीस वर्षं झाली, मी वाचत नाही. वाचायला गेलो की हात हलतो."

त्याने वर लाल रंगात 'सूचना' काढलं. खाली खडूने रेघ मारली, अक्षरं मोजली आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीत मावतील तेवढी अक्षरं बसवली. 'न'ला कडेला जागा मिळाली, तो वरच बसला. 'ये' उरला, तो खाली आला. खालची ओळ रिकामी रिकामी दिसायला लागली म्हणून त्याने 'ये' चांगला टपोरा काढला, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन निळ्या लाटा. मग दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "झकास!"

आता मी काय म्हणत होते, वाचा तुम्हीच. वरच्या ओळीत: 'पाण्यात उतरून'. खालच्या ओळीत, लाटांच्या मधोमध: 'ये'.

लोक म्हणतात ध चा मा झाला. अहो, इथे अक्षर एकही बदललं नव्हतं! फक्त बोटभर जागा इकडची तिकडे गेली होती. कपाळावर हात मारून घ्यायचा म्हटलं तर मला हात नाहीत.

मला टेम्पोत घालून इथे आणलं आणि ठोकलं. पेंटर काही सोबत आला नाही. तेव्हा त्याच्या घरी नुकतीच नात झाली होती, तो पेढे वाटण्यात गुंग होता. आणि माझे हाल सुरू झाले. लोक यायचे, वाचायचे, खो खो हसायचे. माझ्या खांबाला मिठी मारून फोटो काढायचे. "पाटीने बोलावलंय, चला रे!" म्हणत सरळ त्या गप्प पाण्याकडे जायचे. कोणी घोट्यापर्यंत, कोणी गुडघ्यापर्यंत. प्रत्येक वेळी माझा जीव खालीवर व्हायचा. खांब होते म्हणून उभी राहिले, नाहीतर केव्हाच आडवी झाले असते.

या सगळ्यांत मला नीट वाचणारी एकच व्यक्ती. बाई. चाळीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेल्या. गेलेला मुलगा त्यांच्याच हाताखाली अक्षरं गिरवून मोठा झाला होता. रोज सकाळी गुडघा धरत पायवाटेने यायच्या, पर्समधून खडू काढायच्या आणि माझ्यावर 'न'पासून खालच्या ओळीपर्यंत बाण काढायच्या. संध्याकाळपर्यंत खारा वारा तो बाण पुसून टाकायचा. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायच्या, "तसं नाही ते. उतरू, मग नये." लोक म्हणायचे, "हो हो, आजी." आणि पुढे जाऊन उतरायचे. पालथ्या घड्यावर पाणी!

एकदा कार्यालयातल्या कारकुनालाच इथे ओढून घेऊन आल्या. त्याने फाईल उघडली आणि माझी अक्षरं बोटाने मोजली.

"हे बघा बाई. मंजूर मजकुरात आठ अक्षरं. पाटीवर आठ. एक कमी नाही, एक जास्त नाही. चूक कुठे आहे?"

"अहो, जागा चुकलीय, जागा! दोन शब्दांत एक बोट जागा सोडा, हे आम्ही पहिलीतल्या पोरांना शिकवतो."

"जागेचा उल्लेख ठरावात नाही," कारकून म्हणाला. "तक्रार तशी एक आलीय म्हणा. एका गृहस्थांचं म्हणणं, पाटी अरेतुरे करते. 'ये' काय, 'या' म्हणावं. ते मात्र सोपं आहे. एक मात्रा खोडायची आणि काना द्यायचा."

"काही खोडू नका!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की त्याच्या हातून फाईल वाळूत पडली. "आहे ते पुरेसं आहे बुडायला."

सांगा आता, मी हसू की रडू?

अशी सहा वर्षं गेली. मग एका सुट्टीच्या दिवशी दुपारी पायवाटेवरून एक ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. पेंटर! केस पांढरे झालेले, बोटं तशीच रंगाने डागाळलेली. सोबत त्याची लेक, डब्याची पिशवी घेऊन, आणि लेकीची लेक. तिला सगळे चिमणी म्हणत होते. माझ्याच वयाची. नुकती पहिलीत गेलेली आणि दिसेल ते वाचत सुटलेली.

मला बघून पेंटरचा चेहरा फुलला. "अगं, ही तर माझी पाटी! बघ, सहा वर्षं झाली, रंग जरा तरी उडालाय का? चिमणे, वाच बघू आजोबांनी काय काढलंय."

चिमणीने टाचा उंचावल्या, माझ्या अंगावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर सोडवलं. "पा...ण्या...त. पाण्यात. उ...त...रून. उतरून. ये!"

"शाब्बास!" पेंटरने टाळ्या वाजवल्या. त्याने नात वाचते एवढंच ऐकलं. ती काय वाचते, ते ऐकलंच नाही. छत्तीस वर्षांची सवय, जाते कुठे!

मला ओरडावंसं वाटलं. पण पाटी ओरडते ती अक्षरांनी, आणि माझी अक्षरं तिला बोलावत होती.

बापलेक सुरूच्या सावलीत चादर अंथरायला लागले. वाऱ्याने चादर उडायची, ते टोकांवर दगड ठेवायचे. चिमणीने चपला काढल्या, शहाण्या मुलीसारख्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि निघाली. लाटांकडे गेली नाही, लाटांची तिला भीती वाटली. खडकांकडे गेली. त्या गप्प पाण्याकडे. घोटा बुडाला. गुडघा बुडाला. मग फ्रॉक पाण्यावर फुगला.

सुट्टीला गर्दी होते म्हणून बाई त्या दिवशी दुसऱ्यांदा आल्या होत्या. पायवाटेच्या तोंडाशी पोचल्या आणि त्यांनी ते पाहिलं. त्यांच्या गुडघ्यात पळण्याचं बळ नव्हतं. पण गळा चाळीस वर्षांचा तयार होता.

"ए मुली! जागेवर उभी राहा! हाताची घडी!"

चिमणी जागच्या जागी थांबली. वर्गात थांबते तशी. हाताची घडी घालून. पायाखालची वाळू सरकत होती, ती डुलत होती, पण एक पाऊल पुढे टाकलं नाही. सुरूखाली बसलेलं एक अनोळखी कुटुंबसुद्धा उभं राहिलं. पेंटर धावला, वाळूत पडला, उठला, आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्याने तिला फ्रॉकला धरून ओढलं. परत येताना त्याचे स्वतःचे पाय दोनदा सुटले.

लेकीने हात उगारला. "कोणाला विचारून गेलीस गं पाण्यात?"

चिमणीला कळेचना आपलं काय चुकलं. "आजोबांनीच लिहिलंय ना," ती म्हणाली, "पाण्यात उतरून ये."

पेंटरने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलायला लागले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तो स्वतःची पाटी वाचत होता. एकदा वाचली. पुन्हा वाचली. मग मटकन खाली बसला.

"आजोबा, मी चुकीचं वाचलं का?"

"नाही गं बाळा," तो म्हणाला. "तू बरोबर वाचलंस. मी चुकीचं लिहिलं."

सहा वर्षांचा राग होता बाईंकडे, काढायचा तर दिवस पुरला नसता. त्यांनी पर्स उघडली आणि त्याच्या हातात खडू दिला.

दुसऱ्या दिवशी तो रंगाचे डबे घेऊन आला. ना ठराव, ना मंजुरी. मला सगळी पांढरी केली. लाटा गेल्या, टपोरा 'ये' गेला. सगळा मजकूर एका ओळीत घेतला, अक्षरं लहान केली. आणि प्रत्येक शब्द आधी चिमणीकडून मोठ्याने वाचून घेतला. "उतरू," ती म्हणाली. त्याने 'उतरू' लिहिलं. हो, लिहिलं. मग पुढे जाणार तोच ती म्हणाली, "थांबा आजोबा, जागा!" आणि शाळेत ठेवते तसं तिने 'रू'च्या पुढे आपलं बोट ठेवलं. पांढरा रंग अजून ओला होता. बोट उमटलं. पेंटर त्यावरून ब्रश फिरवायला गेला आणि थांबला. बोटाच्या पलीकडून त्याने 'नये' सुरू केलं.

नंतर कारकून आला. त्याने पुन्हा मोजलं. "आठच आहेत की," तो म्हणाला, "मग बदललं काय?" मी काय बोलणार कपाळ!

आता माझ्यासोबत कोणी फोटो काढत नाही. नीट बोलायला लागल्यापासून माझ्यात मजा उरली नाही म्हणे. चालेल. बाई मात्र अजून येतात, खडू न काढता माझ्या सावलीत बसतात, आणि मग आम्ही दोघी समुद्र बघतो.

तुम्हीही या. चपला हातात घ्या, वाळूत चाला, खेकड्यांची रांगोळी बघा, जाताना आपला कचरा घेऊन जा. पण आल्या आल्या माझ्यासमोर घटकाभर थांबा आणि मला मोठ्याने वाचा. 'उतरू' म्हटलंत की जरा दम घ्या. तिथे एका लहान बोटाचा ठसा दिसेल. तो बघा आणि मग पुढचा शब्द वाचा.