डाव्या पायाची करंगळी

दिवसभर लतिकाने पडद्यावर पांढऱ्या पेशी मोजल्या होत्या. वूस्टरच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं चित्रण होई, आणि टेप बघून आकडे लिहिणं हे तिच्या पीएचडीचं दुसरं वर्ष होतं. तरुण उंदरांत पेशी भिंतीला टेकून घरंगळत पुढे जात. म्हाताऱ्यांत, सूज आणणारं काही टोचलेलं नसतानाही, त्या चिकटून बसत आणि मागचं रक्त खोळंबे. तीस सेकंद हलली नाही की चिकटलेली धरायची, असा नियम. आज एकशे बारा.

शेजारच्या श्रूजबरी गावात घरी पोचेपर्यंत साडेचारलाच अंधारलं होतं. दार उघडताच जळक्या लोकरीचा वास आला. बाबा महिन्यापूर्वीचा नागपूरचा पेपर वाचत बसले होते, डावा पाय भिंतीलगतच्या हीटरला टेकवून.

बाबा, म्हणजे राजाराम, तीस वर्षं नागपूरच्या इंदोऱ्यात टपाल वाटत चालले होते. सप्टेंबरात परदेशी लेकीकडे आले, आणि थंडी पडल्यावर पावलं गार पडतात म्हणाले. तेव्हा लतिकाच म्हणाली होती, "हीटरजवळ बसा, शेक घ्या."

"बाबा, पाय काढा आधी."

"का? आज तर मस्त वाटून राहिलं."

मोजा निघेना. कोमट पाण्याने भिजवून तिने तो सोडवला. करंगळीवरचा फोड फुटला होता, आणि खालचं मांस काळसर दिसत होतं.

"दुखत नाही?"

"नाही. म्हणून तर मस्त म्हटलं."

लतिका जमिनीवरच बसली. वीस वर्षांची शुगर, एकोणसत्तर वर्षांचं वय; त्या बोटांना चटका कळणारच नव्हता. तिने शेजारचं बोट दाबून सोडलं. निरोगी बोटात दोन सेकंदांत लाली परत येते. ती मोजत राहिली. आठ.

"काय मोजून राहिली?"

"रक्त परत यायला किती वेळ लागतो ते."

"अन् येते का?"

"येतं. दमून येतं."

"पोस्टमन म्हातारा झाला की टपाल उशिराच येते, बेटा."

ती हसली नाही. "शेक घ्या, असं मीच सांगितलं होतं."

"तुला माहीत नसंल."

"माहीत होतं. लॅबमध्ये माहीत होतं. घरी आले की आईसारखी बोलते मी."

दुसऱ्या दिवशी सर्जनने पाय उलटसुलट पाहिला. करंगळी गेलीच होती. काळेपणा शेजारच्या बोटांत चढला नाही तर तेवढीच काढायची; चढला तर अर्धं पाऊल. दोन आठवडे वाट पाहायची.

लतिका रोज संध्याकाळी ओव्हरकोट न काढताच तेच शेजारचं बोट दाबायची. आठ. आठ. नऊ. त्या दिवशी ती जेवली नाही. मग आठ, सात. सहा डिसेंबरला ओळखीच्या कांताकाकूंच्या बेसमेंटमध्ये महापरिनिर्वाणदिनाची वंदना झाली, तेव्हा सगळे सतरंजीवर बसले आणि बाबा एकटे खुर्चीवर, पायाला पट्टी. "साहेब झालो मी," ते कुजबुजले. परतताना गाडीत झोपून गेले.

पंधराव्या दिवशी करंगळी गेली. पाऊल राहिलं.

"तुझ्या उंदरायले शेकू नका म्हण," शुद्धीवर आल्यावर ते म्हणाले.

सोमवारी नवी टेप होती. उंदीर तरुण की म्हातारा, हे मोजून झाल्यावरच कळायचं. पहिली पेशी घरंगळत आली आणि भिंतीपाशी थांबली. वीस. तीस. पेन्सिल कागदावर टेकली होती. लतिकाने चाळीसपर्यंत वाट पाहिली.

मग एकचा आकडा लिहिला.