दाराआडची रायफल

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या एका स्वयंपाकघरात दाराआड उभी असते. माझ्या पोटात बारा महिने काडतूस असतं, त्यामुळे जिवाला स्वस्थता कसली ती नाही.

एके काळी माझा थाट होता. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, काळी तुकतुकीत नळी! माझ्या आताच्या मालकाच्या, म्हणजे व्हर्लिनच्या वडलांनी मला मोठ्या हौसेनं आणलं. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस म्हणजे आमच्याकडे शाळेलासुद्धा सुट्टी. मास्तरच रानात, तर शिकवणार कोण? मी पाडलेल्या हरणावर घर हिवाळाभर जेवायचं. मला तेल काय लावायचे, माझे फोटो काय काढायचे! मग व्हर्लिनचे गुडघे गेले, शिकार सुटली आणि मी दाराआड गेले. चाप अडवून धरणारा सेफ्टीचा खटका झिजून गेला. काडतूस मात्र कुणी काढलं नाही.

"रिकामी रायफल म्हणजे नुसती काठी," व्हर्लिन म्हणायचा.

"मग काठीच ठेव ना! चोर आला तर तुझा चष्मा सापडेपर्यंत जेवूनखाऊन जाईल तो," त्याची बायको ओनेटा म्हणायची.

खरी पंचाईत केली लेकीनं. जोलीननं फोनवर ठणकावलं, "बाबा, रायफल कुलपात गेली तरच टॅन्सीला तुमच्याकडे आणीन." टॅन्सी म्हणजे नात. पाच वर्षांची, दिसेल ते ओढून बघणारी.

त्याच आठवड्यात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गावची सभा भरली. घरातल्या बंदुकांना कुलूप सक्तीचं करायचं का, हा विषय. विरोध करणाऱ्यांनी आपापल्या बंदुका गाडीतून मिरवत आणायच्या, असं ठरलं होतं. व्हर्लिननं मला पिकअपच्या सीटवर टाकलं, शेजारी वॅफल कुत्र्याला बसवलं आणि तो तावातावानं आत गेला.

"माझी रायफल जन्मभर दाराआड उभी आहे," तो गरजला. "आपणहून उडाली का कधी?"

तेवढ्यात आत सभेच्या जेवणासाठी शिजणाऱ्या हरणाच्या रश्श्याचा वास बाहेर आला. वॅफल खिडकीकडे झेपावला आणि त्याचा पाय माझ्या चापावर पडला.

धाड! गोळी गाडीच्या दारातून, हॉलच्या भिंतीतून थेट पातेल्यात. अख्खा रस्सा व्हर्लिनच्या विजारीवर. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

"कुणी झाडली?"

"कुत्र्यानं!"

"बांधून ठेवायला काय होतं लोकांना!"

"अरे, आणि रायफलचं काय?" ओनेटा ओरडली.

"बाई, विषयाला फाटे फोडू नका," अध्यक्ष म्हणाले.

कुलपाचा नियम पुढे ढकलला. कुत्री साखळीनं बांधायचा नियम मात्र टाळ्यांच्या कडकडाटात एकमतानं मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी व्हर्लिननं वॅफलला अंगणात जाड साखळीनं बांधलं. मला पुन्हा दाराआड उभं केलं, नवं काडतूस भरून. मग फोन लावला. "जोलीन, पोरीला घेऊन ये. धोका बांधून ठेवलाय." तिला वाटलं, मीच कुलपात गेले.

हे कळताच ओनेटा तणतणत कुलूप आणायला शहरात गेलीय. अजून आलेली नाही. आणि फाटकाशी गाडी मात्र थांबलीय जोलीनची.

मित्रांनो, मला पाय नाहीत, बाजूला होता येत नाही. मी तोंड उघडलं की काय होतं, ते तुम्ही ऐकलंतच. आमच्यासारख्यांना कुलपात ठेवा. काडतूस वेगळं ठेवा, लांब, उंच. भांडण नंतर करा, हवं तेवढं.

"आजोबा, मी आले!"

छोटे बूट स्वयंपाकघरात वाजतायत. कुणीतरी आधी पोचा.