मर्व्ह चारला उठतो

मी पेसमेकर बोलतोय, मर्व्ह हॉस्किनच्या डाव्या खांद्याखालून. जरा हळू बोलतोय. बॅटरी संपत आलीय, आणि खरं सांगू का, मी दमलोय.

नऊ वर्षांपूर्वी मला त्याच्या कातडीखाली शिवलं. नर्स सिनानं विचारलं, "झोपता कधी, उठता कधी?" त्या वेळात ठोके कमी ठेवले की झोप शांत लागते. मर्व्ह म्हणाला, "दहाला झोपतो, सातला उठतो. गाई? छे, त्या आता विकून टाकतोय."

साफ खोटं! तारानाकी भागातल्या त्याच्या शेतावर दोनशे गाई होत्या, आणि पहाटेच्या धारा तोच काढायचा. डॉक्टरांनी काम सोडा म्हणून बजावलं होतं, तर गडी थाप मारून मोकळा झाला. बिचाऱ्या सिनानं मला लावून दिलं: दिवसा सत्तर ठोके, आणि रात्री दहा ते सात पन्नासच, हा हलला तरी वाढवायचे नाहीत.

मग काय! रोज चारला हा गमबूट चढवणार, आणि मी आपला झोपेचे ठोके देत बसणार. चिखलातून गाई हाकताना त्याला धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मला कळायचं हो, पण मला तोंड कुठंय? उलट दुपारी जेवून तो आडवा झाला की मी दिवसाच्या चालीनं चाललेला. छातीतली धडधड ऐकत तो नुसता पडून राहायचा.

"तुझ्यात मशीन बसवलंय की काढून घेतलंय?" त्याची बायको नोलीन करवादायची. "जेवताजेवता पेंगतोस!"

"वय झालं गं," एवढंच तो म्हणायचा.

एका पहाटे शेडमध्ये गाईच्या पायांशीच तो कोसळला. गाय शहाणी, जागची हलली नाही. नोलीननं त्याला दवाखान्यात आणलं, आणि सिनानं माझ्यातल्या नोंदी वाचल्या.

"मर्व्ह, रोज पहाटे चार ते सात तुम्ही चालता कुठं?"

"संडासला जातो."

"तीन तास?"

नोलीन फिसकन हसली आणि लगेच रडायलाच लागली. "मेला असतास ना रे! एवढ्याशा खोट्यापायी!"

मर्व्हनं मान खाली घातली. "गाई सोडल्या तर सकाळी उठू कशाला?"

सिनानं आपलं यंत्र पुढं ओढलं. तिनं माझी रात्र आठ ते चार करून दिली.

त्यानंतर आमचं बरं जमलं. तो आठला घोरायला लागायचा, चारला मी त्याच्याबरोबर उठायचो. पण गेल्या हिवाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला, आणि गाई खरंच विकल्या. त्यांना नेणारा ट्रक दिसेनासा झाला तरी तो फाटकाशी उभा होता. मी सत्तर देत राहिलो. दुसरं मला काही येत नाही.

तरी तो चारलाच उठतो. गमबूट घालून रिकाम्या शेडपर्यंत लंगडत जाऊन येतो. नोलीनही हल्ली उठते. "पडून राहा की मेल्या," म्हणते आणि चहाचं आधण ठेवते.

उद्या मला काढून नवा बसवणार आहेत. सिना पुन्हा तेच विचारेल, आणि हा पुन्हा सात म्हणेल. गाई नसताना चारला उठतो हे सांगायची त्याला लाज वाटते.

सिनाबाई, त्याचं ऐकू नका. माझ्या नोंदी बघा, आणि नव्याला एवढं सांगा: मर्व्ह चारला उठतो.