धामणीचा दाखला

बेडूक-साप बघायच्या मंडळात मी साठीला नाव घातलं, ते काही हौसेनं नाही. हौस करायला गुडघे राहिलेत कुठं! धारवाडात चौतीस साली असं एक मंडळ निघालं होतं, नाव हे एवढं लांब: 'सरीसृप व उभयचर अभ्यास आणि संरक्षण मंडळ'. सभासद पाच, सगळे वकील नाहीतर मास्तर. सहावी मी, अंबूताई, आलवण नेसलेली विधवा. "अक्का, तुमचं इथं काय काम?" असं एकानं विचारलंच.

काम माझ्या कुसुमचं होतं. कुसुमावती माझी एकुलती एक. जुन्या हुबळीत दिली होती, भुसारी दुकानदाराच्या घरी. आठ वर्षं झाली, मूल नाही. मग तिच्या सासूनं, जयलक्ष्मीबाईंनी, शोधून काढलं, की कुसुमच्या लग्नाच्या वर्षी मी न्हाणीत साप मारला होता. तो नाग होता म्हणे, आणि त्याचा शाप पोरीला बाधला. आता मुलाला दुसरी करून द्यायची बोलणी चालली होती.

मी घसा फोडून सांगितलं, अहो, ती धामण होती, फणासुद्धा काढला नाही तिनं. तर म्हणाल्या, "धामण होती तर तोंडात नाणं घालून अग्नी कशाला दिलात?" घ्या! आमच्याकडे नाग मेला की त्याला माणसासारखा अग्नी देतात. त्या दिवशी शेजारणी म्हणाल्या, न्हाणीच्या अंधारात काय कळतंय, देऊन टाका, आपलं काय जातंय? दिला. आणि तेच माझ्या गळ्याशी आलं.

मला वाटलं, शिकल्यासवरल्या माणसाचा कागद दाखवला की बाईचं तोंड बंद होईल. म्हणून 'दाखला आणते, तोवर थांबा' असं त्यांना सांगून मंडळाचे चिटणीस पद्मनाभराव यांच्याकडे गेले. कॉलेजात शिकवायचे, माणूस भला, पण भारी काटेकोर. म्हणाले, "परक्याच्या सांगण्यावर मी सही करत नाही. सभासद व्हा, साप मारणार नाही अशी शपथ घ्या, वर्षभर नोंदी ठेवा. मग तुमच्या शब्दावर लिहून देतो."

वर्ष कसं काढलं ते माझं मला माहीत. दर रविवारी तळ्याकाठी चिखल तुडवायचा, बेडूक मोजायचे, वहीत लिहायचे. एकदा चार बघून, आवाजावरून सात लिहिले, तर पद्मनाभरावांनी काट मारली. "बघितलं तेवढंच लिहायचं, अंबूताई." घरी आले की पाय शेकत बसायची आणि स्वतःलाच बजावायची, पोरीचा संसार राहतोय ना, मग सोस. मधल्या काळात हुबळीला एकदाही गेले नाही. कागदाशिवाय कुठल्या तोंडानं जाणार?

वर्ष भरलं. पद्मनाभरावांनी कागद पुढं ओढला आणि दोन बाटल्या माझ्यासमोर ठेवल्या. "एकदा नीट बघून घ्या. ही धामण. हा नाग. मिटलेल्या फण्याचा नाग धामणीसारखाच दिसतो, म्हणून गळ्याखाली बघायचं."

नागाच्या गळ्याखाली काळे रुंद पट्टे होते. अग्नी द्यायला उजेडात आणून मुसळानं मी तो साप उलटा केला होता तेव्हा हेच पट्टे दिसले होते. हेच.

"मग, धामणच ना?" पद्मनाभराव दौतीत टाक बुडवून थांबले होते.

हो म्हटलं असतं तर संपलं असतं सगळं. जीभ उचलली होती मी. आणि एकदम इतकी दमले, इतकी दमले! म्हणजे धामण असली तर माझी पोर चांगली, आणि नाग असला तर वाईट? सासू म्हणत होती ते म्हणत होती, पण मीही वर्षभर तेच खरं धरून बेडूक मोजत हिंडत होते की! माझाच मला असा संताप आला.

"नाग होता," मी म्हटलं. "तुमचा कागद राहू द्या."

दुपारच्या मोटारीनं हुबळी गाठली. जयलक्ष्मीबाई झोपाळ्यावर होत्या. "आणलात दाखला?"

"नाही. तो नागच होता. आणि त्याचं माझ्या पोरीच्या कुशीशी काडीचं देणंघेणं नाही. मुलाला खुशाल दुसरी करा. मी कुसुमला घेऊन चालले."

"न्या की," त्या म्हणाल्या. एवढंच. झोपाळा थांबलासुद्धा नाही.

मोटारीत कुसुम माझ्याशेजारी बसली. हाडांचा नुसता सापळा झालेला. मी तिला सगळं सांगितलं: मंडळ, शपथ, चिखल, वही. तुझ्यासाठी किती केलं, हे कळावं म्हणून जरा वाढवूनच सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

"मला कागद कधी हवा होता, आई?" ती म्हणाली. "वर्षभर रोज गाडीच्या वेळेला दारात येऊन उभी राहायची मी. म्हटलं, आज तरी तू न्यायला येशील."